एका दृश्याची पाच छायाचित्रे

लोणावळ्यानजीकच्या कार्ले येथील चैत्यगृहात दुपारच्या वेळी प्रवेश करणाऱ्या प्रवाशाला पहिली काही क्षणे फारसे काही दिसत नाही. मग हळूहळू दृष्टी स्थिरावते. दोहो बाजूंच्या स्तंभांच्या रांगा, त्यांच्या शीर्षांवर बसलेले हत्ती आणि त्यांवरील स्त्रीपुरुषांच्या जोड्या, छताला आजही टिकून असलेल्या प्राचीन लाकडी फासळ्या असे एकेक दृश्य काळोखातून वर येऊ लागते. स्तूपापर्यंत जाऊन मागे वळून पाहिले, तर पश्चिमेकडील भव्य पिंपळपानी गवाक्षातून आत येणारा प्रकाश, त्यापलीकडचे आकाश आणि जवळचे अंधारातील स्तंभ ही सारी आपल्याला एकाच वेळी दिसतात. निदान आपणांस तसे वाटते.

त्याच जागी उभे राहून छायाचित्र घेतले की मात्र निराळाच अनुभव येतो. गवाक्ष आणि आकाश नीट उमटले, तर स्तंभ काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि छत नाहीसे होते. स्तंभ व छत नीट आले, तर गवाक्षाच्या जागी पांढरा डाग उरतो. पुष्कळांना हा कॅमेऱ्याचा दोष वाटतो, तर काहींना स्वतःचा. वस्तुतः दोष कोणाचाच नाही. निसर्गातील प्रकाश-काळोखाचा पल्ला आणि कॅमेऱ्याला एका वेळी पेलणारा पल्ला ह्यांतील ही तफावत आहे. ती भरून काढण्यासाठी एकाच दृश्याची कमी-अधिक प्रकाशातील अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करण्याची रीत आज प्रचलित आहे. इंग्रजीतील तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एचडीआर’, म्हणजेच हाय डायनॅमिक रेंज छायाचित्रण, असे म्हणतात. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यावर हीच अक्षरे अनेकांनी पाहिली असतील.

ही रीत केवळ हौशी मंडळींच्या उपयोगाची आहे असे समजण्याचे कारण नाही. शाळेची नवी वर्गखोली, ग्रामपंचायतीचे सभागृह, गावातील जुनी बारव, देवळाचा सभामंडप, पाण्याच्या टाकीचा अंतर्भाग ही सर्व स्थळे अशीच आहेत. तेथे एक दार किंवा एक खिडकी लख्ख उजळलेली असते आणि बाकी सारे सावलीत असते. कामाच्या फाइलला जोडलेल्या छायाचित्रांत खिडकी तेवढी स्पष्ट आणि भिंत काळी, असा प्रकार आपल्यापैकी कोणी पाहिला नाही?

माझ्यापुरते सांगावयाचे तर ही गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका जुन्या वाड्याच्या ओसरीतील भिंतीवर रंगविलेली चित्रे मी पाहिली. वाडा दुरुस्तीला निघणार होता. भिंतीच्या शेजारीच चौकाचे दार उघडे होते आणि चौकात भर दुपारचे ऊन होते. मी घाईघाईने दहा-बारा छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्याने उन्हाचा हिशेब केला आणि भिंत काळोखात गेली. पडद्यावर पाहताना भिंत काळसर दिसली खरी, परंतु संगणकावर उजळून घेऊ असे मी मनाशी म्हटले. उजळली तेव्हा रंगांच्या जागी लाल-हिरव्या दाण्यांचा चिखल निघाला. पुन्हा त्या गावी जाईपर्यंत भिंतीला सिमेंटचा गिलावा झालेला होता. आज त्या चित्रांची नोंद म्हणून माझ्याकडे उरली आहेत ती चौकातील तुळशीवृंदावनाची उत्कृष्ट छायाचित्रे.

पल्ला म्हणजे काय?

छायाचित्रणात प्रकाशाची मोजणी दुपटीच्या हिशेबाने होते. प्रकाश दुप्पट झाला की एक ‘स्टॉप’ वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप उतरला. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो, तर एखाद्या लेण्याच्या आतल्या कोपऱ्यात तो पाच-सहा लक्सही असू शकतो. हे प्रमाण सुमारे सोळा हजारास एक, म्हणजे चौदा स्टॉपचे झाले. पांढरा चुना आणि काळा दगड हा वस्तूंच्या रंगांतील फरक त्यात मिळविला, तर पल्ला आणखी वाढतो. आजचे चांगले मोठे कॅमेरे अनुकूल परिस्थितीत तेरा-चौदा स्टॉपपर्यंत मजल मारतात. मोबाइलचा चिमुकला संवेदक एका झटक्यात त्याहून बराच कमी पल्ला टिपतो. आणि छापील कागदाची गोष्ट तर विचारूच नये. कागदावरील सर्वांत पांढरा भाग हा सर्वांत काळ्या भागाच्या पन्नास ते शंभर पट उजळ असतो, म्हणजे जेमतेम सहा स्टॉप. वर्तमानपत्राच्या कागदावर तेही नाहीत.

मग आपल्या डोळ्याला हे कसे साधते? डोळा सारे दृश्य एका क्षणात टिपत नाही. तो गवाक्षाकडे वळतो तेव्हा बाहुली आकसते, स्तंभाकडे वळतो तेव्हा विस्फारते. दृष्टिपटलही प्रकाशाच्या मानाने आपली संवेदनशीलता बदलते. ह्या तुकड्या-तुकड्यांच्या पाहण्यातून मेंदू एक अखंड चित्र जुळवितो. एका दृश्याची अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करणे ही तर ह्याचीच नक्कल होय.

ही कल्पना मुळीच नवी नाही. ओल्या कोलोडियनच्या काचा वापरणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकारांना ही अडचण रोजचीच होती. त्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पूर्णपणे जळून जाई. गुस्ताव ल ग्रे ह्या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यावर उपाय म्हणून एक काच समुद्रासाठी आणि दुसरी आकाशासाठी अशा दोन काचा वापरून क्षितिजाच्या रेषेवर त्या जोडल्या आणि एकच चित्र छापले. सेत बंदरावर १८५७ साली घेतलेले त्याचे मोठ्या लाटेचे चित्र ह्याच पद्धतीचे आहे. पुढे अमेरिकेत अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स ह्यांनी फ्रेड आर्चर ह्यांच्या साहाय्याने १९४० च्या सुमारास दृश्यातील प्रकाशाची पट्ट्यांत विभागणी करण्याची पद्धत बसविली. डार्करूममध्ये छपाई करताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून एखादा भाग फिका राखणे किंवा हाताच्या आडोशाने दुसरा भाग गडद करणे, हे तर प्रत्येक स्टुडिओतील कारागिराला येत असे. मी नोकरीत रुजू झालो तेव्हा आमच्या कार्यालयाची डार्करूम नुकतीच बंद झाली होती, परंतु तारेला चिकटविलेले ते पुठ्ठे एका खोक्यात जपून ठेवलेले होते. त्यांचा उपयोग काय, हे मला कितीतरी उशिरा उमगले.

अणुस्फोटाचे छायाचित्र घेणे हा ह्या प्रश्नाचा कळस म्हणावा लागेल. चार्ल्स वायकॉफ ह्यांनी त्यासाठी निरनिराळ्या संवेदनशीलतेचे तीन थर असलेली फिल्म तयार केली. एक थर जळाला तरी दुसरा शाबूत राही. संगणकाच्या युगात स्टीव्ह मान व रोझलिंड पिकार्ड ह्यांनी १९९५ मध्ये आणि पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक ह्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांनी आजच्या पद्धतीचा पाया घातला. ह्यांपैकी मलिक हे मथुरेत जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेतलेले शास्त्रज्ञ आहेत.

प्रत्यक्ष कृती

संवेदकावर किती प्रकाश पडू द्यावयाचा ह्यास शास्त्रीय परिभाषेत ‘उद्भासन’ आणि नित्याच्या बोलीत ‘एक्स्पोजर’ म्हणतात. ते तीन गोष्टींवर अवलंबून असते : भिंगाच्या छिद्राचा आकार, शटर उघडे राहण्याचा काळ आणि आयएसओ ह्या आकड्याने दर्शविली जाणारी संवेदनशीलता. आपल्याला एकाच दृश्याची कमी-अधिक उद्भासनाची छायाचित्रे हवी आहेत. त्यासाठी तिन्हींपैकी केवळ शटरचा काळ बदलावयाचा आहे. छिद्र बदलले तर जवळचे आणि दूरचे किती स्पष्ट दिसते हे बदलते आणि मग एका छायाचित्रातील स्तंभाची कडा दुसऱ्यातील कडेशी जुळत नाही. आयएसओ वाढविला तर दाणे वाढतात. म्हणून कॅमेरा ‘मॅन्युअल’वर ठेवून छिद्र एफ-८ च्या आसपास आणि आयएसओ १०० वर कायम करावा. फोकस एकदा साधला की तोही हाताने पक्का करावा. पांढऱ्या रंगाचा समतोल, म्हणजेच व्हाइट बॅलन्स, स्वयंचलित ठेवू नये. नाहीतर प्रत्येक छायाचित्राची रंगछटा निराळी येते आणि एकत्र करताना भिंतीवर निळे-पिवळे ढग उमटतात.

कॅमेरा ट्रायपॉडवर असणे उत्तम. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड वापरावयाचा असल्यास पुरातत्त्व विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवावे. अजिंठ्यासारख्या ठिकाणी फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. शटरचे बटण बोटाने दाबले की कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. भिंगात कंप रोखण्याची सोय असल्यास ती ट्रायपॉडवर बंद करावी हे बरे.

आता प्रकाशमापन. प्रथम कॅमेरा सर्वांत उजळ भागाकडे वळवावा. त्यात तपशील टिकेल असा शटरचा काळ शोधावा. समजा तो १/२५० सेकंद आला. हे आपले सर्वांत काळे छायाचित्र. तेथून दोन-दोन स्टॉपने, म्हणजे दर वेळी चौपट, काळ वाढवीत जावे : १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद. पाचव्या छायाचित्रात छताच्या फासळ्या आणि कोपरे स्वच्छ दिसत असतील, तर थांबावे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रकाशाचा जो आलेख, म्हणजे हिस्टोग्रॅम, दिसतो तो येथे डोळ्यांपेक्षा विश्वासू साक्षीदार आहे. सर्वांत काळ्या छायाचित्राचा आलेख उजव्या कडेला चिकटलेला नसावा आणि सर्वांत उजळ छायाचित्राचा डाव्या कडेला. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मालिका आपोआप घेण्याची ‘ब्रॅकेटिंग’ ही सोय असते. तीत तीन छायाचित्रे दोन-दोन स्टॉपच्या अंतराने घेता येतात. साध्या वर्गखोलीला तीन पुरतात. लेण्याला पाच लागतात, क्वचित सात. विनाकारण अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने पंधरा छायाचित्रे घेणारे उत्साही लोकही मी पाहिले आहेत. त्यांच्या संगणकाला व्याप होतो, चित्राला लाभ होत नाही.

शक्य असल्यास छायाचित्रे ‘रॉ’ स्वरूपात घ्यावीत. नेहमीच्या जेपीईजी प्रतिमेत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ स्वरूपात कॅमेऱ्यानुसार ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात.

ही पाच छायाचित्रे संगणक एकत्र कशी करतो, ते एका छोट्या हिशेबाने पाहू. समजा ४,०९६ पायऱ्यांचा कॅमेरा आहे. स्तंभावरील एका बिंदूचे मूल्य एका सेकंदाच्या छायाचित्रात ३,२०० आले आणि पाव सेकंदाच्या छायाचित्रात ८०० आले. दोन्हींना त्या-त्या काळाने भागले की उत्तर एकच, सेकंदाला ३,२००. तिसऱ्या छायाचित्रात तेच मूल्य २०० येते. (तबकडीवर १/१५ लिहिलेले असले तरी चौपटीच्या हिशेबात तो काळ १/१६ धरावा लागतो. त्याचप्रमाणे १/६० हे १/६४ आणि १/२५० हे १/२५६ होय.) सर्वांत काळ्या छायाचित्रात मात्र मूल्य अवघे बारा-तेरा येते आणि ते दाण्यांत हरवून जाते. म्हणून स्तंभासाठी संगणक पहिल्या दोन छायाचित्रांवर अधिक विश्वास टाकतो. आता आकाशाचा बिंदू घ्या. १/२५६ सेकंदात त्याचे मूल्य ३,००० आले, तर सेकंदाला ते ७,६८,००० झाले. त्याच्या पुढच्याच छायाचित्रात ते १२,००० यावयास हवे होते. परंतु कॅमेऱ्याची शिडीच ४,०९५ वर संपते, म्हणून तेथे आकाश जळालेले आहे. ते छायाचित्र आकाशाच्या बाबतीत बाद. अशा रीतीने प्रत्येक बिंदूला विश्वासार्ह साक्षीदारांच्या आधारे एक मूल्य मिळते आणि आकाश हे स्तंभाच्या २४० पट उजळ आहे, ही खरी मोजणी हाती येते.

हे सर्व आकडे कागदावर किंवा पडद्यावर जसेच्या तसे दाखविता येत नाहीत. कागदाला पेलणाऱ्या पल्ल्यात ते दाबून बसवावे लागतात. ह्या दाबण्यालाच ‘टोन मॅपिंग’ म्हणतात आणि चित्र साधते किंवा बिघडते ते येथेच. दुसरी एक सुटसुटीत पद्धत मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ ह्या तिघांनी २००७ मध्ये मांडली. तीत खऱ्या प्रकाशाचा हिशेब न करता प्रत्येक छायाचित्रातील नीट उमटलेले भाग निवडून ते सांधे न दिसतील असे विणले जातात. नोंदीच्या कामासाठी मला हीच पद्धत अधिक पसंत आहे, कारण तिचा निकाल सहसा भडक होत नाही. ‘एनफ्यूज’ हे ह्या पद्धतीचे आणि ‘ल्युमिनन्स एचडीआर’ हे टोन मॅपिंगचे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे.

छायाचित्रे घेण्याच्या काळात जे हलते ते चित्रात दुबार उमटते. चालणारा माणूस, फडफडणारा पडदा, वाऱ्याने हलणारी फांदी ह्यांच्या विरळ सावल्या उरतात. त्यांना ह्या क्षेत्रात ‘भुते’ असेच म्हणतात. सॉफ्टवेअर त्या भागासाठी एकच छायाचित्र वापरून ती बरीचशी घालवू शकते. तरीही वर्गात मुले बसलेली असताना अशी मालिका घेऊ नये. मुले एक सेकंद स्थिर बसत नाहीत आणि बसू नयेतही.

भिंतीतील ओल आणि भिंतीची भेग

येथे एक गोष्ट विशेषतः अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी ध्यानात घ्यावयास हवी. टोन मॅपिंग मोठ्या क्षेत्रातील उजेड-काळोखाचा फरक कमी करते आणि बारीक तपशील राखते, किंबहुना पुष्कळदा अधिक ठळक करते. लेण्यातील शिल्पासाठी हे हवेच असते. परंतु एखाद्या इमारतीच्या भिंतीत ओल मुरली असेल, तर तिचा डाग हा मोठ्या क्षेत्रावर पसरलेला, कडा नसलेला काळसरपणा असतो. नेमका तोच ह्या प्रक्रियेत फिका पडतो. उलट गिलाव्यावरील केसासारखी भेग, जी अनेकदा केवळ वरवरची असते, ती दरीसारखी दिसू लागते. म्हणजे एकाच चित्रात गंभीर दोष झाकला जाईल आणि किरकोळ दोष डोळ्यांत भरेल. कोणाचाही हेतू वाईट नसताना हे घडते. मोबाइलमध्ये ही प्रक्रिया आपोआप होत असल्याने तर छायाचित्र घेणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

म्हणून कामाच्या पाहणीसाठी छायाचित्र घेताना जमले तर दोन प्रकारे घ्यावे. एक एकत्रित चित्र सर्वसाधारण दर्शनासाठी असावे. आणि संशयित भिंतीचे, खिडकी चौकटीबाहेर ठेवून, जवळून घेतलेले साधे चित्र दुसरे. ज्या मूळ छायाचित्रांवरून एकत्रित चित्र तयार केले ती पुसून टाकू नयेत. वाद निघाला तर बोलावयाचे ते त्यांनीच. चित्राखाली ‘पाच छायाचित्रे एकत्र करून’ एवढे तीन-चार शब्द लिहिण्यास कष्ट पडत नाहीत.

भडकपणाविषयीही लिहिणे भाग आहे. झाडांच्या आणि देवळाच्या शिखराच्या कडेने पांढरे वलय, शिशासारखे ढग, चेहऱ्यांवर राखेचा थर असलेली चित्रे दिनदर्शिकांवर आणि पर्यटनाच्या फलकांवर आपण पाहतो. पट्ट्या सरकवून सर्वत्र सारखाच उजेड करण्याच्या हौसेचा तो परिणाम आहे. लेण्यात काळोख असतोच. तो थोडासा काळोखच राहू द्यावा.

आता मोबाइलकडे वळू. आयफोनमध्ये ही सोय २०१० साली आली आणि त्यानंतर ती जवळजवळ सर्वच फोनांत पसरली. गुगलच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये वर्णन केलेली पद्धत थोडी निराळी आहे. तीत कमी-अधिक उद्भासनाची छायाचित्रे न घेता, आकाश जळणार नाही अशा बेताने कमी उद्भासनाची अनेक छायाचित्रे झटपट घेतली जातात आणि त्यांची सरासरी काढली जाते. सरासरीने दाणे कमी होतात. आठ छायाचित्रांची सरासरी घेतली तर दाणेदारपणा सुमारे एक-तृतीयांशावर येतो. त्यामुळे काळोखातील भाग उजळले तरी चिखल होत नाही. प्रत्येक छायाचित्राचा काळ लहान असल्याने हाताच्या कंपनाचाही उपद्रव कमी. माझ्या त्या वाड्याच्या भिंतीसमोर आजचा साधा फोन असता, तरी पुष्कळ काही वाचले असते. फोन वापरताना तो खांबाला किंवा दाराच्या चौकटीला टेकवून धरावा, भिंग रुमालाने पुसून घ्यावे आणि बहुतेक फोनांत पडद्यावर बोट दाबून ठेवले की फोकस व उद्भासन पक्के होते, त्या सोयीचा उपयोग करावा. भिंतीवर बोट ठेवून एक आणि खिडकीवर ठेवून एक अशी दोन छायाचित्रे घेतली, तर पुढे एकत्र करण्यासाठीही ती कामास येतात.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवावासा वाटतो. वर्गाची खिडकी आणि फळा एकाच चौकटीत येतील अशा रीतीने मोबाइल बाकावर पुस्तकांच्या आधाराने स्थिर ठेवावा. उद्भासन कमी-जास्त करून तीन छायाचित्रे घ्यावीत. कोणत्या छायाचित्रात फळ्यावरील अक्षरे वाचता येतात आणि कोणत्यात खिडकीबाहेरचे झाड दिसते, ह्याचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. दुपटीचा हिशेब, डोळ्याची रचना आणि सरासरी हे तिन्ही धडे त्या एका तक्त्यात येतात.

नोंदीविषयी थोडेसे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल ह्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृती लंडनला पाठविण्यात आल्या होत्या. त्यांतील बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. सर्व प्रती एकाच ठिकाणी असणे किती महागात पडते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. गावातील बारव, वीरगळ, शिलालेख, जुन्या शाळेची इमारत ह्यांची अशी छायाचित्रे घेतल्यावर एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक गावाबाहेर कोठेतरी ठेवावी. प्रत्येक मालिकेचा स्वतंत्र फोल्डर करून त्याला गावाचे नाव, स्थळ आणि दिनांक द्यावा. त्यात मूळ छायाचित्रे आणि एकत्रित चित्र ही दोन्ही असावीत. छायाचित्र कोठे उभे राहून घेतले, ते एका ओळीत लिहून ठेवावे, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्याच जागेवरून तीच चौकट पुन्हा घेता येईल.

कार्ल्याला जाणार असाल, तर तेथील गवाक्ष पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी आकाश आणि स्तंभ ह्यांतील अंतर कमी असते व तीन छायाचित्रांत काम भागते. दुपारनंतर ऊन थेट आत शिरू लागले, की पाच घ्यावीत.